भिंत, पत्रा आणि उष्णतेचे गणित

उन्हाळा आला म्हणजे घराचे गुणदोष आपोआप उघडे पडतात. ज्या भिंतींकडे वर्षाचे आठ महिने कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यांच्याविषयी चैत्र-वैशाखात जो तो बोलू लागतो, आणि 'भिंती जाड हव्यात' या ठरीव वाक्याने त्या बोलण्याचा समारोप होतो. हे मत कितपत खरे, याची परीक्षा करण्यास फार मोठी विद्या लागते असे नाही. इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यास येणारा गुणाकार-भागाकार त्यास पुरतो, एवढेच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या गणिताचा पाया झोझेफ फूरिए या फ्रेंच पंडिताने घातला. १७६८ साली एका शिंप्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला व बेनेडिक्टिन साधूंनी चालविलेल्या शाळेत शिकला. उष्णतेच्या वहनाविषयीचा त्याचा ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ नियम सोपा आहे. भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानांतील फरक जितका अधिक व भिंतीचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितकी अधिक उष्णता तीतून वाहते. आणि भिंत जितकी जाड, तितकी ती कमी वाहते. उरला पदार्थाचा स्वभाव. तो एका अंकाने दाखवितात. त्यास आपण वाहकतांक म्हणू. हा अंक लोखंडी पत्र्याचा सुमारे ५०, काळ्या पाषाणाचा १.७, विटेचा ०.७, पेंढ्याचा ०.०७, थर्मोकोलचा ०.०३५ आणि स्तब्ध हवेचा अवघा ०.०२६ असतो. पेंढा काय, थर्मोकोल काय किंवा आपली गोधडी काय, या सर्वांचे सामर्थ्य त्यांनी कोंडून धरलेल्या हवेत आहे. गोधडी ऊब निर्माण करीत नाही. असलेली ऊब जाऊ देत नाही, इतकेच.

जाडी मीटरांत मांडून तीस वाहकतांकाने भागले म्हणजे त्या थराचा 'रोध' निघतो. २३ सें.मी. जाडीच्या विटेच्या भिंतीचा रोध ०.३३ येतो. अडीच सें.मी. थर्मोकोलचा ०.७१ येतो, म्हणजे अर्धा मीटर जाडीच्या विटेच्या भिंतीइतका! पाच सें.मी. पेंढ्याचाही तेवढाच. उलट अर्ध्या मिलिमीटर पत्र्याचा रोध ०.००००१ येतो, तो नसल्यातच जमा आहे. पत्र्याखाली जो काही अडथळा असतो तो त्याच्या खालच्या पृष्ठभागाशी असलेल्या हवेचा. पृष्ठभागावरून होणारे उत्सर्जन हिशेबात घेऊन तो सुमारे ०.१७ धरतात. थर एकावर एक आले म्हणजे त्यांच्या रोधांची केवळ बेरीज करावयाची असते.

आमच्या शाळेतील काही वर्गांवर पत्र्याचे छप्पर आहे. फाल्गुन सरता सरता, ऐन परीक्षेच्या दिवसांत, तेथे दुपारी बसणे मुलांस असह्य होते. माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या आपुलकीने काही रक्कम जमविली, आणि तीतून उन्हाकडील भिंत दुप्पट जाड करावी अशी सूचना पुढे आली. तेव्हा आम्ही नववीच्या मुलांस तापमापक देऊन मोजणी करावयास लाविले. भर दुपारी पत्रा ६० अंश व खोलीतील हवा ३४ अंश भरली. उन्हाकडील भिंत बाहेरून ४४ व आतून ३६ अंश होती. छप्पर ४८ चौरस मीटर, भिंत २४ चौरस मीटर. मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला, तो असा: छपरातून सुमारे ७,३०० वॉट उष्णता आत येते, आणि भिंतीतून सुमारे ५८० वॉट. भिंत दुप्पट जाड केल्यास २९० वॉट वाचावयाचे. पत्र्याखाली अडीच सें.मी. रोधक थराचे छत घातल्यास ५,९०० वॉट वाचावयाचे. थर्मोकोल आग लवकर धरतो, म्हणून जवळजवळ तितकाच रोध देणारी परंतु न जळणारी खनिज लोकर मुलांनी सुचविली. मंडळींनी हा हिशेब स्वतः पडताळून पाहिला व छत घालण्याचे ठरविले.

येथे चाणाक्ष वाचक विचारील की, पाषाणाचा वाहकतांक जर विटेहून अधिक, तर देशावरील जुने दगडी वाडे दुपारी गार कसे? प्रश्न रास्त आहे. वरील नियम उष्णतेचा प्रवाह स्थिर असता लागू पडतो. सूर्य तर रोज उगवतो व मावळतो. जड भिंत प्रथम स्वतः तापते व मगच उष्णता पुढे देते. काळ्या पाषाणात दर १४ सें.मी. खोलीमागे दिवस-रात्रीचा चढउतार सुमारे ३७ टक्केच उरतो व जवळजवळ पावणेचार तास मागे पडतो. त्यामुळे अर्ध्या मीटर भिंतीत दुपारची झळ पहाटेस पोहोचते, तीही अगदी क्षीण होऊन. वाडा गार राहतो तो रोधामुळे नव्हे, विलंबामुळे. पत्र्यास हा विलंब ठाऊक नाही. मात्र सूर्यास्तानंतर तो निवतोही लवकर.

हे सर्व चालले असता मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, आमच्या घराच्या भिंतीही पत्र्याच्याच आहेत. मग भिंतीचे गणित कसे मांडावयाचे?" वर्ग क्षणभर शांत झाला. आम्ही त्यास सांगितले, "बाळ, गणित तेच. मात्र आरंभ छपरापासून करावयाचा, कारण दुपारचे ऊन त्यावरच सरळ पडते." छपरास चुन्याचा पांढरा हात दिल्यास पुष्कळसे ऊन परत जाते, हे वहन नसून परावर्तन होय, व त्यास खर्चही थोडा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून जुन्या गोणपाटाचे छत ताणल्यास मधली हवा कामास येते. मात्र चुलीवरील किंवा दिव्याजवळील भागात गोणपाट अथवा पेंढा मुळीच लावू नये. त्याने हे सर्व वहीत उतरवून घेतले, आणि त्याच्या शेजारच्या दोघांनीही.

ज्याच्या घरी यंत्राने हवा गार करण्याची सोय आहे, त्याचे या हिशेबावाचून अडत नाही. विजेचे बिल थोडे अधिक येते, इतकेच. परंतु ज्यास एकदाच व मोजकाच खर्च करता येतो, त्याचा रुपया चुकीच्या भिंतीत गेला तर तो पुन्हा हाती येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे असे की, या सुटीत आपापल्या घराचे छप्पर व भिंती मोजाव्या, पदार्थ ओळखावे, रोधांची बेरीज करावी, आणि जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ती वही आमच्याकडे आणावी. आपण मिळून ती तपासू.