गणवेशातली माया

काल पुतणीचा शाळेतून मिळालेला गणवेश सैल करायला शेवगावच्या बाजारात शिंप्याकडं नेला. त्यानं शिवण उलटून पाहिली नि म्हणाला, "भाऊ, हिच्यात मायाच नाय सोडली."

संस्कृतात माया म्हणजे भ्रम. शेजारच्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. तिच्या सातव्या अध्यायात मायेची नदी आहे, तरून जायची. मराठी घरात मात्र माया आईची झाली. शिंप्यानं तीच कापडात धरली. लेकरू वाढणार, म्हणून शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड. (अन् बेहिशेबी पैशालाही आपण मायाच म्हणतो!)

पोरगी पाचवीत आहे. हा ड्रेस दिवाळीपर्यंतही पुरायचा नाही. टेंडर काढणाऱ्यांनो, पुढच्या खेपेला दोन बोटं माया कापडात सोडा.