तुपावर राग काढण्याआधी

शहपुरा (जि. जबलपूर)

सौ. वहिनींस,


दादाच्या रक्ततपासणीचा कागद पाहिला. ट्रायग्लिसराइड २६५ आणि व्हीएलडीएल ५३, दोन्ही ठळक छापलेत, म्हणून तुम्ही दोन दुखणी धरून बसलात. पण दुसरा आकडा बहुतेक प्रयोगशाळा वेगळा मोजत नाहीत. पहिल्याला पाचाने भागून लिहितात. करून बघा. तेव्हा तक्रार एकच: दीडशेच्या आत हवं ते दोनशेच्या वर गेलंय.

त्यासाठी तुम्ही ताटातलं तूप बंद केलंत, त्याला माझी हरकत आहे. रक्तातली चरबी म्हणजे खाल्लेली चरबी, हा हिशेब सरळ वाटतो खरा. पण जेवणातलं तूप-तेल काही तासांत रक्तातून निवळतं. दहा-बारा तास उपाशी ठेवतात ते त्यासाठीच. सकाळी उरतं ते मुख्यतः यकृताने बनवून पाठवलेलं, आणि तो कारखाना जोरात चालतो तो जास्तीची साखर, भात, मैदा आणि दारू यांच्यावर. दादा पीत नाही. मग राहिला गोड चहा आणि दोन्ही वेळचा भाताचा डोंगर. शेजारचा एचडीएलचा, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलचा, आकडाही वाचा: ३६, चाळिसाच्या खाली. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ही जोडी जमते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीत महाराष्ट्रही होता. तिच्यात सुमारे ३० टक्के लोकांचं ट्रायग्लिसराइड जास्त आणि ७२ टक्क्यांचं एचडीएल कमी निघालं.

तुम्ही म्हणाल, दादा तर काटकुळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता, अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे फोटोच छापले. वजनकाट्याला हे कळत नाही.

मग गोळी घेऊन मोकळं का होऊ नये? आकडा पाचशेच्या वर असता तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती, तिथे थांबायचं नसतं. इथे आधी तीन महिन्यांची सरासरी साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण मूळ तिथे असेल तर उपायही तिथलाच. गोळीचं डॉक्टर दादाचं वय, रक्तदाब, सगळं पाहून ठरवतील. साखर-भात आवरून दोनतीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करा. आदल्या रात्री लग्नाची पंगत नको, आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘उपासच आहे’ असं तिथे सांगू नका, पाणी चालतं.

नवा कागद आला की पाठवा. मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा दीर