दाराला हलू द्या!

होस्टेलमध्ये ऋतू बदलल्याचं दारावरून कळतं. ऑगस्टमध्ये खांदा लावल्याशिवाय जे दार उघडत नाही, एप्रिलमध्ये त्याच्याच फटीतून कॉरिडॉरमधली ट्यूबलाइट डोळ्यावर येते. असं का होतं, याचं गणित मला अकोल्याला आमच्या नव्या घराची दारं करताना कळलं. कधी ना कधी ते प्रत्येकाच्या कामाला येईल, म्हणून हा लेखप्रपंच.

बाबा शिक्षक. रिटायर झाल्यावर पी.एफ.च्या पैशांत घर बांधायला काढलं आणि एकच हौस धरली, आतली दारंही अस्सल सागवानी हवीत. मी फ्लश डोअर सुचवून पाहिलं. त्यात प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते फारसं फुगत-आकसत नाही, आणि स्वस्तही पडतं. बाबा म्हणाले, "त्याचा थर सुटला की दार फेकायचं. सागवानाला रंधा मारून, पॉलिश करून तुझी मुलंसुद्धा वापरतील." मुद्दा बिनतोड होता. बाथरूमला फायबरची दारं आणि चार खोल्यांना सागवान, असा तह झाला.

जुलैत लाकूड घ्यायला गेलो. व्यापारी ज्याला 'सी.पी. टीक' म्हणतात, तो म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं तेही याच भागातून, बल्लारपूरहून. आमच्या मिस्त्रीकाकांनी मात्र लाकडाचं गाव विचारलंच नाही. त्यांनी प्रत्येक फळीचं टोक पाहिलं. पांढुरकी कड असलेल्या फळ्या बाजूला काढल्या, कारण कीड आणि वाळवी आधी तिथे लागते. टोकाला वलयांच्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या दिसल्या की ती फळी पहिली उचलली.

"माल सुकलेला आहे ना?" बाबांनी विचारलं.

"एकदम ड्राय, साहेब!"

मी एक तुकडा कॉलेजला आणला. वजन करून लॅबच्या ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. कमी झालेलं वजन भागिले कोरडं वजन. उत्तर आलं, ओलावा २२ टक्के!

आता थोडी थिअरी, झोपू नका. लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. तेव्हा घरातलं लाकूड ६ टक्क्यांच्या आसपास सुकतं. पावसाळ्यात तेच १४ वर जातं. म्हणजे वर्षाला ८ टक्क्यांचा झोका. पूर्ण ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे मोजलं तर सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. हे आकसणं ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली आला की सुरू होतं. भागाकार करा, ओलाव्याच्या एका टक्क्याला ०.१९ टक्के. अडीच फुटी दार, म्हणजे ७६० मिलिमीटर, सलग फळ्या चिकटवून केलं तर वर्षभरात साडेअकरा मिलिमीटर कमी-जास्त होणार! काका उभ्या वलयांची फळी का शोधत होते, ते इथे कळतं. ती निम्म्याहून कमी हलते.

यावर जुन्या सुतारांनी काढलेला तोडगा म्हणजे पॅनेलचं दार. दोन उभ्या पट्ट्या, तीन आडव्या, आणि मधली पॅनेलं खाचेत नुसती बसवलेली. त्यांना फेविकॉल नाही, खिळा नाही. आडव्या पट्ट्यांची लांबी बदलत नाही, त्यामुळे दाराच्या रुंदीत हलतात फक्त दोन उभ्या पट्ट्या, मिळून २०० मिलिमीटर. त्यांचं हलणं तीन मिलिमीटर. पॅनेल काय फुगायचं-आकसायचं ते खाचेतल्या खाचेत. काकांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं, "लाकडाले हालाले जागा द्या. नाही देली तं ते सोताच करून घेते, चीर पाडून."

खरा पेच पुढे होता. ताईचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटी, आणि बाबांना दारं दिवाळीआधी हवी होती. काका २२ टक्क्यांच्या लाकडाला हात लावायला तयार नव्हते. "गुरुजी, आता करून देतो, पण उन्हाळ्यात सांधे उघडले तं मले बोलावू नका." बाबा चिडले. पाहुणे येणार, व्याही येणार आणि घराला दारं नाहीत! आयुष्यभराची पुंजी घातलेलं घर चार लोकांना दाखवायचं होतं त्यांना, त्यांचंही काही चूक नव्हतं. दोन दिवस घरात अबोला. शेवटी ताईच म्हणाली, "माझ्या खोलीला तेवढं साधं फ्लशचं दार लावा. बाकी पडदे चालतील." बाबा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पडद्याचं कापड घेऊन आले.

तोवर फळ्या वरच्या खोलीत थप्पी लावून ठेवल्या होत्या. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या, म्हणजे हवा खेळते. टोकांना ऑइलपेंट, कारण टोक आधी वाळतं आणि तडकतं. डिसेंबरच्या शेवटी पुन्हा तुकडा आणला. ११ टक्के. काकांनी रंधा काढला.

बसवतानाच्या चार गोष्टी सांगतो. नव्या घराचा गिलावा आणि फरशी पूर्ण वाळल्याशिवाय दार टांगू नये, तो ओलावा दारच पितं. पॅनेलला पॉलिश जोडणीआधी करावं, नाहीतर उन्हाळ्यात ते आकसलं की कडेला कोरी रेघ दिसते. पॉलिश दोन्ही बाजूंना आणि वरच्या-खालच्या कडांनाही सारखंच हवं. सात फुटी दाराला बिजागऱ्या तीन, आणि फट ऋतू बघून. भर उन्हाळ्यात दार घट्ट बसवलं तर पावसाळ्यात ते अडकणारच. आमची दारं जानेवारीत बसली, मधल्या ओलाव्यावर, म्हणून कडेला रुपयाचं नाणं सहज फिरेल एवढी फट ठेवली.

विदर्भात आणखी एक भानगड असते, कूलर! एका बाजूला कूलरची दमट हवा आणि दुसऱ्या बाजूला रखरखीत हॉल, असं दिवसभर बंद राहिलेलं दार वाकतं. म्हणून काकांचा हुकूम, कूलर चालू असेल तर दार थोडं उघडं ठेवायचं. तसंही कूलरची हवा बाहेर जायला वाट लागतेच.

पहिला मे निघाला. एकही सांधा उघडला नाही. ऑगस्टमध्ये मधल्या खोलीचं दार चौकटीला थोडं घासायला लागलं, तेव्हा बाबांनी लगेच काकांना फोन केला. काका म्हणाले, "आत्ता रंधा मारला तं उन्हाळ्यात फट दिसन, गुरुजी. दसरा जाऊ द्या."

दसरा गेला आणि दार आपोआप मोकळं झालं. ताई दिवाळीला आली तेव्हा बाबांनी तिला चारही खोल्या दाखवल्या. तिच्या खोलीला आता सागवानी दार आहे, आणि ते फ्लशचं दार गच्चीच्या जिन्याला लागलंय.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)