पिंपळगांव बसवंत येथील एक जुनी फटफटी

नाशिकाहून मुंबई–आग्रा रस्त्यानें ईशान्येकडे निघालें म्हणजे प्रथम ओझर लागतें. तेथें १९६४ सालीं स्थापन झालेला विमानांचा कारखाना आहे. ओझर मागें पडलें कीं दुतर्फा द्राक्षांचे मांडव दिसूं लागतात, आणि नाशिकापासून सुमारें तीस किलोमीटरांवर पिंपळगांव बसवंत येतें. निफाड तालुक्यांतील या गांवाचें नांव कांदा, टोमॅटो व द्राक्षें यांच्या बाजारपेठेमुळें दूरवर पोंचलें आहे. परंतु आज वाचकांस बाजार दाखवावयाचा नाहीं. गांवाबाहेरील एका मळ्यांत, पत्र्याच्या पडवींत, जें काम चाललेलें प्रस्तुत लेखकानें पाहिलें, त्याची हकीकत सांगावयाची आहे.

कुटुंब मोठें, तीन भाऊ, त्यांचीं मुलेंबाळें आणि वृद्ध आजी, सर्व एका चुलीवर जेवणारीं. कैलासवासी आजोबांची जावा फटफटी कित्येक वर्षें पडवींत पडून होती. थोरल्या भावाचें म्हणणें, ती भंगारवाल्यास देऊन जागा मोकळी करावी. धाकट्या पुतण्याचा हट्ट, ती चालती करावी. अखेर आजींनीं निवाडा दिला, “आधीं उघडून पाहा. न मोडतां उघडली तर ठेवूं. मोडली तर देऊन टाकूं.” हा निवाडा दिसतो तितका सोपा नव्हता.

जावा हें नांव मूळचें चेकोस्लोव्हाकियांतलें. जानेचेक या कारखानदारानें १९२९ सालीं वाँडरर या जर्मन कंपनीच्या फटफटीचे हक्क घेतले आणि दोन्ही नांवांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून हें नवें नांव केलें. आपल्या देशांत म्हैसूर येथें या गाड्या १९६१ पासून बनूं लागल्या. पुढें त्याच कारखान्यांतून ‘येझदी’ निघाली आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव पुन्हां बाजारांत आलें खरें, पण तें यंत्र सर्वस्वी निराळें. म्हणून जुन्या इंजिनाचें कवच तडकलें, तर दुसऱ्यासाठीं गांवोगांव शोधीत फिरावें लागतें.

त्यांतून द्राक्षाच्या मळ्यांत यंत्रास आणखी एक शत्रु असतो, तो म्हणजे मोरचूद. मोरचूद व चुना यांचें मिश्रण बागेवर फवारतात. फवारणीचा पंप व मोरचुदाचीं पोतीं याच पडवींत असत. मोरचुदाचें पाणी लोखंडास गंजवितें आणि अ‍ॅल्युमिनियमलाही खातें. इंजिनाच्या कवचावर निळसर डाग पडले होते व स्क्रूंचीं डोकीं खाल्लीं गेलीं होतीं.

कामास गांवांतील एक वयस्क फिटर आले होते. डावीकडील झांकण काढतांच क्लच दिसला. क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या चकत्या. स्प्रिंगा त्यांस दाबून धरतात, म्हणून इंजिनाची शक्ति गिअरांकडे जाते. दाब काढला कीं त्या सुट्या होतात. येथें मात्र वाळलेल्या तेलानें त्या डिंकासारख्या चिकटल्या होत्या. पुतण्यानें फटींत स्क्रूड्रायव्हर घालतांच फिटर म्हणाले, “भाऊ, जोर नका लावूं. रात्रभर डिझेलांत भिजूं द्या.” दुसऱ्या दिवशीं चकत्या एकेक करून हातानें निघाल्या.

मधला नट मात्र हटवादी निघाला. पाना लावला कीं सारा क्लचच फिरे. फिटरांनीं एका टाकाऊ चकतीस लोखंडी दांडा जोडून त्यानें क्लचचा गाभा अडविला. वायसरची दुमडलेली कड आधीं सपाट केली, आणि आटे कोणत्या दिशेचे आहेत हें नीट पाहिलें. कांहीं नटांचे आटे उलटे असतात. ते ओळखले नाहींत, तर सोडविणारा सारा जोर लावून नट अधिकच आवळीत बसतो.

क्रँकच्या टोकावरील दातेरी चाक शंकूच्या आकाराच्या दांड्यावर बसविलेलें असतें. तें जितकें आंत दाबावें तितकें घट्ट धरतें. त्यास पुलर लावून ताण दिला, पुलरच्या बोल्टावर एकच नेमका ठोका दिला आणि तें तसेंच रात्रभर ताणावर ठेवलें. सकाळीं दुसऱ्या ठोक्यास ‘टक्’ असा आवाज होऊन चाक सुटलें.

पिस्टन सिलिंडरांत गंजून बसला होता. प्लगच्या भोकांतून तेल सोडून सहा दिवस वाट पाहिली. हातोडा कोणीं उचलला नाहीं. सातव्या दिवशीं क्रँक केसभर हलला, मग पुढेंमागें करीत पिस्टन मोकळा झाला.

शेवटीं कवचाचे दोन भाग वेगळे करावयाचे होते. सांध्यांत छिन्नी घालण्याचा मोह येथें फार होतो. परंतु अशा दोन-स्ट्रोक इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण याच कवचांतून वर जातें. सांध्यास ओरखडा पडला, तर फटींतून जादा हवा शिरते, पेट्रोल कमी पडतें, आणि पिस्टन तापून वितळण्याचीही भीति असते. म्हणून कवच बाहेरून बेतानें तापविलें. उष्णतेनें अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारें दुप्पट फुगतें, त्यामुळें पोलादी बेअरिंगांवरील त्याची पकड सैल होते. काचेच्या बरणीचें घट्ट झांकण गरम पाण्यांत धरल्यावर सुटतें, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको! लाकडी हातोडीच्या चार हलक्या ठोक्यांनीं कवच उघडलें. सांधा स्वच्छ, कोठेंही तडा नाहीं.

दोन स्क्रू तेवढे छिद्र पाडून काढावे लागले. आजींनीं तें मोडण्यांत धरलें नाहीं. फटफटी अद्याप चालूं झालेली नाहीं. बेअरिंगें व सीलें नवीं घालावयाचीं आहेत. पण थोरल्या भावानें मोरचुदाचीं पोतीं स्वतः उचलून दुसऱ्या खोलींत नेलीं, यावरून घरचा निर्णय काय झाला तें समजलें.

वाचकांपैकीं अनेकांच्या गांवच्या घरीं असें एकादें यंत्र पडून असेल. त्यास हात लावण्यापूर्वीं माहितगार वृद्ध फिटर गांठावा, आणि घरांतील तरुणांस त्याच्या शेजारीं बसवावें. यंत्राचे सुटे भाग शोधून तरी मिळतील. हें हातचें ज्ञान त्या माणसांबरोबरच निघून जाईल.