तिघांची होडी

कयाक ही मुळात एकट्याची होडी. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी बांधली. लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं, आणि माप त्या एका माणसाच्या अंगाचं, अंगरखा बेतावा तसं. बायका, पोरं, कुत्री, भांडीकुंडी न्यायला त्यांची वेगळी मोठी उघडी होडी असे, उमियाक. ग्रीनलंडमध्ये तिला बायकांचीच होडी म्हणत, वल्हीही बायकाच मारत. हे कळल्यावर मला हसूच आलं. आता दुकानदार 'एकट्याला चालते, जोडीला चालते, कुत्र्यालाही चालते' म्हणून जी विकतात, ते म्हणजे कयाकचं आणि उमियाकचं लावून दिलेलं लग्नच की!

आमच्या घरात तिघे आहोत. मी, हे, आणि मोती. यांचं बालपण भीमेकाठचं, हरिगोलात बसून नदी ओलांडण्यातलं. हरिगोल म्हणजे बांबूची भलीमोठी गोल टोपली. पूर्वी तिला बाहेरून कातडं असायचं, आता प्लास्टिकचा कागद आणि डांबर. कातड्याचं होतं तेव्हा सासूबाई पदर सावरून, नाक मुरडून बसायच्या, पण बसायच्या. पलीकडे माहेर होतं ना. तर पाण्याची ओढ यांची. दांडेलीला काळी नदीवर आम्ही दोघं एका कयाकमध्ये बसलो, आणि तिथंच घरी एक आणायचं ठरलं.

मग गेल्या वर्षी यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, हळूहळू वल्हं मारायलाही हरकत नाही, पण जड उचलायचं नाही. नातेवाइकांनी विषय मिटवून टाकला. "आता कशाला ते पाण्यातलं खूळ, अक्का?" मला मात्र तेव्हाच कळलं की होडी निवडायची ती मी. कारण गाडीवरून उतरवणारी मी, पाण्यात ढकलणारी मी, आणि यांना एखाद्या दिवशी दम लागला तर परत आणणारीही मीच.

आमचं पाणी म्हणजे भालकी तालुक्यातलं कारंजा धरण. बीदरच्या नळाला हेच पाणी येतं, म्हणून इंजिनाची होडी मला तिथं बघवत नाही. परवानगी मागायला गेले तेव्हाही मी हेच आधी सांगितलं, की बाबा, तेलाचा थेंब नाही, नुसतं वल्हं. चातुर्मासात आम्ही जात नाही. कार्तिकी पौर्णिमा झाली की धरण भरलेलं असतं, ऊन मऊ असतं. फाल्गुनानंतर पाणी मागे सरतं आणि काठाला काळ्या मातीचा असा गाळ उरतो की चप्पल तिथंच राहते.

पहिल्यांदा मन गेलं हवा भरायच्या कयाककडे. पंधरा-अठरा किलो वजन, घडी घालून कपाटात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला आणखी काय हवं? पण कारंजाच्या काठाला बाभळी आहेत. बुडलेल्या बाभळीच्या फांद्या पाण्याखालीही असतात. चांगल्या जाड कापडाची असली तरी त्या काट्यांवर माझा भरवसा नाही. मोतीच्या नखांचं एकवेळ निभावलं असतं.

आत पाय घालून बसायची कयाक वाऱ्यात बरी, कपडेही कोरडे राहतात. पण उलटली की पाणी भरतं आणि नवशिक्याला पुन्हा आत चढणं कठीण. वर बसायच्या कयाकला तळापर्यंत आरपार भोकं असतात, लाटेचं पाणी आलं तसं निघून जातं. माणूस पडला तरी पोटावर सरकत परत चढतो. कुत्र्यालाही उडी मारायला मोकळं. त्या भोकांमुळे बूड थोडं ओलं राहतं, एवढंच.

शेवटी ठरली ती घट्ट प्लास्टिकची, बारा फुटी, चौतीस इंच रुंद. खरी गोष्ट तिच्या सीटमध्ये आहे. सीट सरकवून तीन ठिकाणी लावता येते. दोघांसाठी पुढे आणि मागे. एकटीनं जायचं तर मधे, कारण दोघांच्या होडीत एकटं माणूस मागेच बसलं की नाक वर उचलतं आणि वारा होडीला गरकन फिरवतो. मोती बरोबर असला तर मी मधल्या जागेपासून थोडी मागे, तो माझ्या पायांपुढे. भार दोनशे पंचवीस किलो लिहिलेला आहे. आम्ही तिघं मिळून एकशे बावन्न. लिहिलेल्या भाराच्या दोन-तृतीयांशाच्या फार वर जाऊ नये, नाहीतर होडी बुडत नाही पण म्हशीसारखी चालते. मागच्या बाजूला मासेमारीच्या गळासाठी दोन खोबणी होत्या. त्यातल्या एकीत मी छत्री खोचते.

वजन तीस किलो. इथं मी अडले होते. मग दुकानातच करून पाहिलं: अख्खी उचलायचीच नाही. एक टोक उचलून दोन चाकांच्या गाडीवर ठेवायचं, पट्टा आवळायचा, दुसरं टोक धरून ओढायचं. पंधरा किलो मी उचलते. धान्याचं पोतं याहून जड असतं. गाडीच्या टपावर चढवतानाही आधी पुढचं टोक टेकवायचं, मग मागून सरकवायचं. दुकानातला मुलगा मदतीला धावला, त्याला मी लांबच उभं केलं.

इंग्रजी मुलखात दोघांच्या कयाकला गमतीनं घटस्फोटाची होडी म्हणतात. मागचा दिशा धरतो, पुढचा ताल देतो, आणि दोघांची वल्ही एकमेकांवर आपटतात. आमच्याकडे पुढे हे बसतात. दमले की वल्हं आडवं ठेवायचं, बोलायचं नाही, असं ठरलंय. मी पाठीमागून बघते आणि चालवत राहते.

जाकिटं तीन घेतली. मोतीच्या जाकिटाला पाठीवर मूठ आहे, पाण्यात पडला तर पिशवीसारखा वर ओढायला. "मला नाही का अशी मूठ?" यांनी विचारलं. त्यांच्या जाकिटाच्या खांद्यांवर दोन पक्के पट्टे आहेत. ते मी दुकानातच ओढून बघितले होते.