कार्ड त काहीच नाही करून राहिलं

तुळशीचं लग्न लागलं की अमरावती-अकोला पट्ट्यातल्या आम्हा शूटिंग-मिक्सिंगवाल्यांची झोप जाते. दोन कॅमेरे, एक ड्रोन, हळदीपासून पाठवणीपर्यंतचं फोर-के फुटेज आणि आठवड्यात पेनड्राइव्ह मागणारे नवरीकडचे. पूर्वी मी रात्री रेंडर लावून घरी जायचो. अकोल्यातल्या कामांचं मिक्सिंग मे महिन्यात तिथेच करायचो, तेव्हा प्रोसेसर असा तापायचा की टेबलफॅन कॅबिनेटकडे वळवावा लागे. मग एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घेतलं, एक्सपोर्ट करताना हार्डवेअर एनकोडिंग निवडलं, आणि रात्रभराचं काम जेवून येईपर्यंत उरकू लागलं.

पुतणी इंजिनिअरिंगला आहे. एकदा रेंडर चालू असताना ती टास्क मॅनेजर पाहून म्हणाली, “काका, कार्ड त काहीच नाही करून राहिलं.” आलेख खरंच तळाशी होता. मी तिला खालचा ‘व्हिडिओ एनकोड’चा आलेख दाखवला. तो वर टेकलेला. कार्डातले हजारो कोअर जवळजवळ निवांत होते. राबत होता तो फक्त व्हिडिओ दाबण्यासाठीच बसवलेला वेगळा भाग. एनव्हिडियाने तो 2012 पासून कार्डात द्यायला सुरुवात केली.

“मग झिप करताना हे कोअर काऊन नाही वापरत?” तिचा पुढचा प्रश्न. उत्तर तिनेच कॉलेजच्या प्रोजेक्टात शोधलं. झिपचं मूळ झिव्ह आणि लेम्पेल यांच्या 1977 च्या पद्धतीत आहे. पुढे आलेला मजकूर मागे येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतकं मागे जा, इतकी अक्षरं घे’ एवढीच खूण ठेवायची. झिप 32 किलोबाइटपर्यंत मागे पाहते. म्हणजे मागचं वाचल्याशिवाय पुढचं दाबता येत नाही, आणि हजार कोअर तर एकाच वेळी कामाला लागायला हवेत.

रस्त्याचं उदाहरण घ्या. 2022 च्या जूनमध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा एक पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनेस विक्रम झाला. तोच रस्ता हजार टोळ्यांनी हजार ठिकाणी एकदम टाकला, तर आणखी लवकर होईल, पण जागोजागी जोड राहतील. एनव्हिडियाची एनव्हीकॉम्प लायब्ररी असंच करते: फाइलचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे दाबते. वेग प्रचंड मिळतो. पण एका तुकड्याला शेजारच्या तुकड्यातला मजकूर वापरता येत नाही, म्हणून फाइल जरा मोठी होते. शिवाय आमच्यासारख्यांचा डेटा साध्या हार्डडिस्कवर असतो; डिस्कच रांगत असेल तर कार्ड धावून काय उपयोग? आणि कॅमेऱ्यातून आलेलं फुटेज, जेपीजी फोटो आधीच दाबलेले असतात. ते झिप करून जागा वाचत नाही, हे आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना आजही पटत नाही.

कार्डाने केलेल्या व्हिडिओतही खोट असते आणि ती नेमकी मंगलाष्टकांच्या शेवटी दिसते. मंडप जागचा हलत नाही, तोवर एनकोडर मागच्या फ्रेमशी तुलना करून फक्त बदल साठवतो. अक्षता उधळल्या की पडदाभर दाणेच दाणे, प्रत्येक फ्रेम नवी. बिटरेट कमी ठेवला असेल तर नवरदेवाच्या गालावर चौकोन उमटतात. तेवढ्याच बिटरेटला प्रोसेसरवर स्लो प्रीसेटने सावकाश केलेली प्रत जास्त स्वच्छ येते. म्हणून माझा हिशोब ठरलेला: मोबाइलवर पाहायची प्रत कार्डावर, जपून ठेवायची प्रत प्रोसेसरवर.

नवं कार्ड घेणाऱ्या भावांनो, दुकानदार कोअरचे आकडे सांगेल. तुम्ही एनकोडर कोणत्या पिढीचा ते विचारा. सुरुवातीच्या जीटीएक्स 1650 मध्ये तो जुन्या पिढीचा होता, आणि जीटी 1030 मध्ये तर एनकोडरच नाही.