दहा आकड्यांची सवड

कोपरला फक्त धिम्या गाड्या थांबतात, आणि धिम्या गाडीत गप्पा ऐसपैस होतात. आमच्या डब्यात राज्य क्रिकेटचंच. तरी दाराजवळच्या कोपऱ्यात बॉक्सिंगचे तीन-चार वेडे आहेत, आणि सर्वांत आवडता बॉक्सर कोण यावर त्यांचं एकदा सुरू झालं की मुंब्रा मागे पडतं, ठाणं येतं, तरी निकाल लागत नाही. कुणी अली म्हणतो, कुणी टायसन. एक जण फ्रेझरसाठी हट्टाने भांडतो. नव्या पोरांच्या तोंडी मेरी कोम आणि निखत झरीन असतात. मी बहुतेक वेळा ऐकत असतो. ऐकता ऐकता लक्षात आलं ते इतकंच, की सर्वांत मोठा कोण हे सांगताना लोक विजय मोजतात, आणि सर्वांत आवडता कोण हे सांगताना त्याच्या पडण्याची गोष्ट सांगतात.

आपली नजर खरं तर कुस्तीवर पोसलेली. खाडीकाठच्या आगरी गावांत जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी घुमते, पैलवान मांडीवर थाप मारतात, आणि पाठ मातीला टेकली की विषय संपला. चितपट झालेल्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला अजून थोडा वेळ हवा का? मातीचा न्याय असा तत्काळ असतो. हरलेला अंगावरची माती झटकत गर्दीत मिसळतो, आणि पुढच्या जत्रेपर्यंत वाट बघतो.

बॉक्सिंगची गंमत इथे वेगळी होते. 1867 साली इंग्लंडात क्वीन्सबरी नियम छापले गेले, त्यात पडलेल्या माणसाला दहा सेकंद दिले गेले. त्याने आपलं आपण उठायचं. हात द्यायला कुणी येणार नाही, आणि तोवर समोरच्यानेही हात उगारायचा नाही. पडणं आणि हरणं यांच्यात एवढी जागा ठेवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

आमच्या शेजारी तात्या राहत. तरुणपणी जत्रेच्या फडात उतरलेले, कान चेपलेले, बोलणं अस्सल आगरी. एकदा भाड्याच्या कॅसेटवर मी त्यांना 8 मार्च 1971 ची न्यूयॉर्कची लढत दाखवली. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अली विरुद्ध फ्रेझर, दोघेही तोवर अजिंक्य. तात्यांना फ्रेझर आवडला. खाली वाकून आत घुसणारा, पैलवानासारखा अंगाला भिडणारा. अलीचं नाचणं मात्र त्यांना पटेना. मग पंधरावी फेरी आली. फ्रेझरचा डावा हुक जबड्यावर बसला आणि अली सपशेल पाठीवर पडला. पाय वर गेले, बुटांवरचे लाल गोंडे हवेत उडाले. तात्यांनी मांडीवर थाप मारली, "आरं, पाठ टेकली! संपली कुस्ती." त्यांचं वाक्य पुरं होतंय तोवर अली उभा होता. आकडे पाचावरही गेले नव्हते, जबडा सुजत चालला होता, आणि तो पुन्हा हात वर धरून लढायला लागला. तात्या गप्पच झाले. मग हळूच म्हणाले, "यो परत कसा उठला?"

ती लढत अली हरला. गुणांवर, एकमताने. त्याची व्यावसायिक कारकिर्दीतली ती पहिली हार. पुढे 1974 मध्ये किन्शासात त्याने फोरमनला आठव्या फेरीत आडवं केलं, त्यावर पुस्तकं निघाली, चित्रपट आले. तरी तात्यांसाठी अली म्हणजे न्यूयॉर्कला पडून उठलेला माणूस, आणि मीही आता त्यांच्याच बाजूचा आहे.

टायसनचंही तसंच. विसाव्या वर्षी, 1986 मध्ये, तो हेवीवेटचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला. पुढची तीन वर्षं त्याच्यासमोर कुणी टिकेना, म्हणून लोक त्याला घाबरत. मला तो आवडायला लागला 11 फेब्रुवारी 1990 ला, टोकियोत. समोरच्या बस्टर डग्लसला तिथे कुणी खिजगणतीतही धरलं नव्हतं. त्याची आई जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आठव्या फेरीत तो पडला, नवाच्या आकड्याला उठला, आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला खाली घातलं. टायसनच्या तोंडातली रबरी कवळी बाहेर पडली. तो गुडघ्यांवर, हाताने चाचपडत तिला शोधतोय. सापडते, तर घाईत तिचं एकच टोक दातांत धरतो, बाकीची बाहेर लोंबतेय, आणि तशाच अवस्थेत तो उठायला बघतोय. दहा आकडे संपले होते. जगाला धाक घालणारा माणूस पहिल्यांदाच आपल्यातला वाटला.

फ्रेझरवाल्यांचं दुःख आणखी निराळं. 1975 ला मनिलात अलीशी चौदा फेऱ्या झाल्या, डोळे सुजून फ्रेझरला समोरचं दिसेना, तरी त्याला पंधरावीला जायचंच होतं. प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. तो पडला नव्हता, म्हणून उठायची संधीही मिळाली नाही. त्याचे चाहते अजून त्या न झालेल्या फेरीत अडकलेत, आणि मला वाटतं त्यांचं प्रेम सर्वांत चिवट आहे.

पण माझ्या यादीत सर्वांत वर जो आहे, त्याची एकही लढत मी पाहिलेली नाही. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे. सैन्यात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं, आणि बॉक्सिंग तिथेच थांबलं. त्या पडण्याला दहा आकड्यांची मोजणी नव्हती, पंच नव्हता, आणि पायांवर उभं राहणं तर शक्यच नव्हतं. ते पाण्यात उतरले. 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री यायला 2018 उजाडलं. 'चंदू चॅम्पियन' चित्रपट आला 2024 मध्ये, आणि तेव्हा कुठे आमच्या डब्यातल्या पोरांना त्यांचं नाव कळलं.

तेव्हा यादी जरूर करा, भांडाही. फक्त आपल्या लाडक्या बॉक्सरची जिंकलेली लढत दाखवण्याआधी त्याची हरलेली लढत एकदा शेवटपर्यंत बघा. ती बघूनही तो पहिल्या नंबरावर राहिला, तर तोच तुमचा खरा आवडता.